उलटी झाली, हे सांगता येईल असा गट: वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर चर्चमध्ये सोबत कशी उभी करावी

बाप्तिस्म्याचं जेवण आहे. शस्त्रक्रियेला सहा आठवडे झालेली बाई पंगतीत बसली आहे. ताटात पाव, सुकं मटण, थोडा भात. शेजारची काकू म्हणते, "एवढंसंच? घे गं, बाळाच्या नावानं घे." पावाचा दुसरा घास छातीत अडकतो. तोंडात फेसाळ लाळ दाटते, घाम फुटतो. ती उठते, मागच्या संडासात जाऊन उलटी करते, चूळ भरून परत येते आणि म्हणते, "छान झालंय हं जेवण."

तिला दोन भीती होत्या. काकूला वाईट वाटेल ही एक, आणि "पोट कापून घेतलं, आता भोगतेय" असं कुणीतरी म्हणेल ही दुसरी. डॉक्टरांना मात्र हीच उलटी कळायला हवी असते. उलट्या होत राहिल्या आणि त्या लपवल्या, तर शरीरातलं बी-१ जीवनसत्त्व काही आठवड्यांतच संपतं आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते. म्हणून चर्चमध्ये असा गट चालवायचा तर एकच कसोटी धरा: इथे खरं सांगितल्यावर माणसाची पत कमी होते का? होत असेल, तर प्रार्थना कितीही भक्तिभावानं झाली तरी तो गट धोक्याचा आहे.

पुढचं सगळं वसई, मुंबई, पुणे, अहिल्यानगर, गोवा अशा ठिकाणच्या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती मंडळींना समोर ठेवून लिहिलं आहे. कॅथलिक धर्मग्राम असो की पाळकांची प्रोटेस्टंट मंडळी, गटाचं काम सारखंच. शब्द तेवढे वेगळे.

गट कुणी चालवायचा, कुठे बसायचं

सूत्रधार दोन हवेत. एक जण स्वतः शस्त्रक्रिया झालेला, आणि तीही किमान दीड-दोन वर्षं जुनी. पहिल्या सहा महिन्यांत वजन झरझर उतरत असतं, त्या काळात माणसाला सगळं सोपं वाटतं आणि तो इतरांना तसंच सांगतो. दुसरा सूत्रधार नर्स असेल तर उत्तम; मंडळीत एखादी तरी सापडते. नर्स नसेल तर रुग्णाचा नवरा, बायको किंवा बहीण चालेल.

फादरांनी किंवा पाळकांनी जागा द्यावी, सूचना वाचावी, गरज पडेल तेव्हा भेटावं. गटाचं अध्यक्षपद मात्र त्यांच्याकडे देऊ नका. रविवारी ज्यांच्या हातून ख्रिस्तप्रसाद घ्यायचा त्यांच्यासमोर "मी रोज रात्री दोन पेग घेतो" हे फार थोडे लोक म्हणू शकतात.

सहा ते बारा माणसं, पंधरा दिवसांतून एकदा, सव्वा तास. बारापेक्षा जास्त झाले की शेवटच्याला बोलायला वेळ उरत नाही, आणि सहसा त्यालाच काहीतरी अडचणीचं सांगायचं असतं.

खोली तळमजल्यावरची निवडा, संडास जवळ असलेली. शस्त्रक्रियेच्या तयारीत असलेली माणसंही येणार, तेव्हा बिनहाताच्या भक्कम लोखंडी खुर्च्या मांडा. प्लास्टिकच्या हाताच्या खुर्चीत अंग अडकलं किंवा तिचा पाय मोडला, तर तो माणूस पुन्हा येत नाही. वजनकाटा खोलीत नको. मिस्सा सुटल्यावर लगेचची वेळ नको, कारण तेव्हा अंगणात सगळे उभे असतात आणि कोण कुठल्या दाराकडे वळतंय हे सगळ्यांना दिसतं. आठवड्यातली एखादी संध्याकाळ बरी.

सूचनाफलकावर गटाचं नाव स्पष्ट लिहा, "वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतरचा सोबत-गट". फक्त "बायपासवाल्यांचा गट" म्हणू नका. बायपास हे वजन कमी करण्याच्या एका शस्त्रक्रियेचंही नाव आहे, पण आपल्याकडे बायपास म्हटलं की हृदयाचीच समजतात, आणि मग भलतेच लोक चौकशीला येतात. फलकावर एका सूत्रधाराचा फोन असावा, जागा आणि वेळ फोनवरच सांगावी.

पहिल्याच बैठकीत मान्य करून घ्यायचे नियम

गुप्ततेबद्दल फसवं आश्वासन देऊ नका. पापनिवेदनात सांगितलेलं धर्मगुरू कोणत्याही कारणानं उघड करू शकत नाही, तो चर्चचा कायदाच आहे. गटाला तसं कवच नाही. इथे फक्त एकमेकांना दिलेला शब्द आहे, आणि त्याला एक अपवाद आहे: कुणाच्या जिवाला धोका दिसला तर सूत्रधार घरच्यांना किंवा डॉक्टरांना कळवणार. हे आधीच सांगा. ऐन वेळी सांगितलं तर तो विश्वासघात वाटतो.

प्रार्थनेच्या नावाखाली बातमी बाहेर नेणं, हा आपल्या मंडळ्यांमधला जुना रोग आहे. "आपल्या अमुक ताईंसाठी प्रार्थना करू या, त्यांचं वजन पुन्हा वाढतंय, घरात पण ताण आहे." डोळे मिटलेले, हात जोडलेले, आणि दहा मिनिटांत साऱ्या आळीत बातमी. नियम असा ठेवा: ज्याच्यासाठी प्रार्थना करायची त्यानंच विषय सांगायचा, त्याच्याच शब्दांत, आणि प्रार्थनेत त्यापुढे एक शब्दही घालायचा नाही. गटाबाहेरच्या प्रार्थनासाखळीत नाव जाणार असेल तर त्याला आधी विचारायचं.

गटात विक्री नाही. प्रोटीन पावडर, "वजन उतरवणारा" चहा, साखळी पद्धतीनं विकले जाणारे शेक, काहीच नाही. चर्चमधली ओळख वापरून माल खपवणारा भेटतोच, आणि ताज्या शस्त्रक्रियेचा माणूस हे त्याला सोपं गिऱ्हाईक वाटतं. लठ्ठपणा बरा करतो म्हणून औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या औषधे आणि जादूटोणा उपाय कायद्यानं बंदी आहे, हे सूत्रधाराला माहीत असावं.

किलोचे आकडे गटात बोलायचे नाहीत. या शस्त्रक्रिया मुख्यतः दोन प्रकारच्या: स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढतात, बायपासमध्ये जठराची जेमतेम ३० मिलीची पिशवी ठेवून ती थेट आतड्याला जोडतात. वजन उतरण्याचा वेग शस्त्रक्रिया, वय, मधुमेह, सुरुवातीचं वजन अशा कितीतरी गोष्टींवर ठरतो. आकडे फिरले की तुलना सुरू होते, आणि मागे पडलेला गप्प बसतो. आधीचे-नंतरचे फोटो व्हॉट्सॲप गटावर टाकायलाही बंदी ठेवा. फोटो एकदा पुढे गेला की परत आणता येत नाही.

बैठक कशी चालवायची

सुरुवातीला पाच मिनिटं: एखादं लहान स्तोत्र वाचा किंवा नुसतं शांत बसा. लांब प्रवचन नको. मग प्रत्येकी तीन मिनिटं, घड्याळ लावून. "कसे आहात?" असं विचारलं की "प्रभूच्या कृपेनं छान" हेच उत्तर येतं, म्हणून नेमके प्रश्न विचारा: या पंधरवड्यात उलटी किती वेळा झाली? पाणी किती गेलं? कुठली गोळी राहिली? कुणाच्या बोलण्यानं त्रास झाला? सूत्रधारानं स्वतःचं उत्तर आधी द्यावं, आणि त्यात स्वतःची एक चूक असावी. सूत्रधारानंच "दोन रविवार कॅल्शियम घेतलं नाही" म्हटलं की पुढच्यांची जीभ मोकळी होते.

मग अर्धा तास एकच विषय: केस गळणं, लोंबणारी कातडी, नवरा-बायकोतला बदल, सणाचं जेवण, दारू. केस साधारण तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात गळतात आणि बहुतेकांचे परत येतात, पण त्या दिवसांत कंगव्यात आलेला पुंजका बघून बायका रडतात. त्यांना "डोकं शिल्लक आहे ना" असं म्हणू नका. प्रोटीन आणि लोह तपासायला सांगा.

शेवटी प्रत्येकानं डॉक्टरांना विचारायचा एक प्रश्न कागदावर लिहून घरी न्यायचा. गटात औषधाचा डोस कुणी कुणाला सांगायचा नाही. शस्त्रक्रियेनंतर मधुमेहाची आणि रक्तदाबाची औषधं झपाट्यानं कमी करावी लागतात. शेजारणीची गोळी आपल्याला लावून बघितली तर साखर किंवा दाब एकदम खाली जातो.

चहा-बिस्किटं ठेवू नका. पाण्याचे जग आणि ३० मिलीची औषधाची मापटी ठेवा. नवीन माणसाला मापटी हातात देऊन दाखवा: एवढंच पाणी, एक-एक घोट, पाच मिनिटांत. दिवसाला दीड ते दोन लिटर असंच जमवायचं असतं, आणि जेवताना व जेवणानंतर अर्धा तास पाणी घ्यायचं नसतं. तोंडी सांगून हे कळत नाही. मापटीनं कळतं.

चर्चमध्ये ऐकू येणारी वाक्यं, आणि त्यांवर काय करायचं

मत्तयाच्या सातव्या अध्यायातलं कुसळ आणि मुसळ आपल्याला पाठ आहे. तरी जाड माणसाच्या ताटाकडे बघताना ते नेमकं विसरतं. खादाडपणा हे पाप म्हणून शिकवलं जातं, ते खरं. पण खादाडपणा अंगावर दिसतो असं कुठेही म्हटलेलं नाही. सडपातळ माणूस हावरा असू शकतो, आणि १३० किलोची बाई सगळ्यांना वाढून उरलेलं खाणारी असू शकते. लठ्ठपणा हा आजार आहे, जागतिक आरोग्य संघटनाही तसंच मानते. त्याला चारित्र्याचा दाखला करणं, हे मुसळ.

"शरीर देवाचं मंदिर आहे" हे वाक्य शस्त्रक्रियेच्या आधी जाडीवर आणि नंतर जठर कापण्यावर, दोन्ही वेळा फेकलं जातं. ते १ करिंथ ६ मध्ये आहे आणि तिथे विषय व्यभिचाराचा आहे, वजनाचा नाही. कुणी ते अंगावर फेकलं तर वाद घालत बसू नका. "हो, म्हणूनच दुरुस्ती करून घेतली" एवढं पुरे.

"सोपा मार्ग घेतलास" याला उत्तर देण्याची गरज नसते, पण ऐकणाऱ्याला आत लागतं. गटात त्यावर बोला. सोपा मार्ग म्हणणाऱ्याला हे माहीत नसतं की या माणसाला आयुष्यभर रोज गोळ्या आहेत, दर वर्षी रक्त तपासणं आहे, आणि पाव हा साधा पदार्थही घशात चिकटतो.

"किती बारीक झालीस, आता कशी छान दिसतेस!" हे कौतुकही जपून करायला हवं. त्यात आधी ती छान नव्हती हे आलंच, आणि उद्या वजन चढलं तर काय, हेही आलं. मंडळीला एक साधं वाक्य शिकवा: "तुला भेटून बरं वाटलं." शरीराबद्दल काहीच नको.

गटातही परुशी तयार होतो. लूकच्या अठराव्या अध्यायातला परुशी देवाचे आभार मानतो की मी त्या जकातदारासारखा नाही. गटातला म्हणतो, "दोन वर्षांत मी गोडाला हात लावला नाही, ज्यांना जमत नाही त्यांची श्रद्धा कमी पडते." हे ऐकल्यावर लगेच, सगळ्यांसमोर, सौम्यपणे थांबवा: "तुम्हाला जमलं त्याचा आनंद आहे. आता ज्यांना जमलं नाही त्यांचं ऐकू." थांबवलं नाही तर पुढच्या बैठकीला ज्यांना गरज होती तेच गैरहजर राहतील.

साक्ष देताना

शस्त्रक्रिया झालेला माणूस वेदीजवळ उभा राहून सांगतो की उपवास-प्रार्थनेनं माझं ४० किलो वजन उतरलं. मंडळी टाळ्या वाजवते. मागच्या बाकावर बसलेला मधुमेही माणूस घरी जाऊन इन्सुलिन सोडतो आणि उपास धरतो. ही साक्ष खोटी आहे आणि तिनं माणूस मरू शकतो.

खाजगी ठेवणं आणि खोटं बोलणं यात मोठा फरक आहे. तो फरक गटात परत परत समजावा. शस्त्रक्रिया झाली हे कुणालाही सांगण्याची सक्ती नाही. "माझ्या तब्येतीबद्दल मी इथे बोलत नाही, पण देवाच्या दयेनं बरी आहे" हे पूर्ण खरं वाक्य आहे. साक्ष द्यायचीच असेल तर शस्त्रक्रिया, डॉक्टर, आहारतज्ज्ञ, घरच्यांची मदत आणि प्रार्थना, सगळ्यांची नावं घ्यावीत. आणि कुणी आरोग्य-सभेत, म्हणजे आजार बरे होण्यासाठीच्या प्रार्थनासभेत, गोळ्या बंद करायला सांगितल्या, तर गटानं एका सुरात नाही म्हणायला हवं. बी-१२ बंद केल्याचा परिणाम लगेच दिसत नाही, वर्षा-दोन वर्षांनी हातापायांत मुंग्या येऊ लागतात, आणि तेव्हा उशीर झालेला असतो.

संस्कार, उपास आणि गुडघे टेकणं

याबद्दल माणसं विचारायला लाजतात, म्हणून सूत्रधारानं स्वतः सांगावं.

ख्रिस्तप्रसादाआधीचा तासाभराचा उपास पाण्यानं आणि औषधानं मोडत नाही. आजारी आणि वृद्ध माणसांनी त्या तासात काही खाल्लं असलं तरी त्यांना ख्रिस्तप्रसाद घेता येतो. तेव्हा मिस्सात पाण्याची बाटली जवळ ठेवून घोट घेण्यात काहीच वावगं नाही. पहिल्या दोन आठवड्यांत, फक्त पातळ पदार्थ चालू असताना, फादरांना आधी सांगून ख्रिस्तप्रसादाच्या भाकरीचा बारीक तुकडा मागता येतो. गरज असेल तर केवळ द्राक्षारसाच्या रूपातही ख्रिस्तप्रसाद देता येतो, चर्चच्या कायद्यात तशी तरतूद आहे. प्रभुभोजनात भाकरीचा तुकडा मिळत असेल तर पाळकांना तो अगदी कणभर द्यायला सांगा.

राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोन दिवसांचा उपास वयाची १८ वर्षं पूर्ण झाल्यापासून साठावं वर्ष लागेपर्यंत आहे, पण आजारी माणसावर तो बंधनकारक नाही, आणि धर्मगुरू सूट देऊ शकतात किंवा उपासाऐवजी दुसरं सत्कृत्य सांगू शकतात. शस्त्रक्रियेनंतर पहिलं वर्ष अन्नाचा उपास धरूच नका. आधीच दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रोटीन जमवताना दमछाक होते. प्रायश्चित्तकाळातल्या शुक्रवारी मांस सोडायचं असेल तर मासे, अंडी, दूध, डाळ चालतात. प्रोटीनची अडचण येत नाही. काही मंडळ्यांत २१ दिवस फक्त भाज्या-फळं-पाणी असा उपास होतो. बायपास किंवा स्लीव्ह झालेल्यानं तो करू नये, प्रोटीन आणि बी-१ दोन्ही खाली जातात. त्याऐवजी मोबाइल सोडा, दान द्या, आजाऱ्याला भेटा.

प्रायश्चित्तकाळात "माझं किती उतरलं" ही स्पर्धा मंडळीत दिसली तर मत्तय ६ वाचा. तिथे येशू सांगतो की उपास करताना ढोंग्यांसारखा चेहरा म्लान करू नका.

पहिले चार ते सहा आठवडे जड उचलायचं नाही. सणाच्या मिरवणुकीत मूर्तीला खांदा देणं, हॉलमधल्या खुर्च्या लावणं, मोठं पातेलं उचलणं, सगळं बंद. गुडघे टेकताना पोट दुखत असेल तर बसून राहा. मागे कुजबुज झाली तरी बसूनच राहा.

नाताळचं टेबल

यजमानानं काय करावं हे सांगणं रुग्णाला सांगण्यापेक्षा महत्त्वाचं आहे. घरी बोलावताना विचारा, "तुम्हाला काय चालतं?" आणि उत्तर येईल तेवढंच करा. छोटी बशी द्या. त्यात मासा, अंडं, मऊ शिजवलेलं चिकन किंवा घट्ट वरण. दुसऱ्यांदा आग्रह करू नका. ताटात उरलं तर बघू नका.

नेवऱ्या, दोदोल, केक, दुधाच्या वड्या यांत गोड आणि स्निग्ध दोन्ही असतं. बायपास झालेल्याला ते खाल्ल्यावर दहा मिनिटं ते अर्ध्या तासात धडधड, घाम, जुलाब होऊ शकतात. किंवा एक ते तीन तासांनी साखर एकदम पडून डोळ्यांपुढे अंधारी येते. स्लीव्हवाल्यांना हा त्रास बऱ्याचदा होत नाही. त्यामुळे गोड, आइस्क्रीम, चिवडा, चिप्स सहज उतरतात, आणि वजन परत चढतं ते बहुधा यांच्यामुळेच.

दारूबद्दल स्पष्ट बोला. घरच्या वाइनचा एक ग्लासही आता काही मिनिटांत डोक्यात जातो आणि जास्त वेळ राहतो. घोटभर वाइन घेऊन स्कूटर चालवायची नाही. बायपासनंतर दुसऱ्या वर्षापासून दारूच्या व्यसनाचा धोका वाढतो. पूर्वी जेवणातून मिळणारा दिलासा ग्लासातून शोधला जातो. लग्नाच्या टोस्टला ग्लासात बिनसाखरेचं लिंबूपाणी असलं तरी ग्लास उंचावता येतो. "घोटभर तरी घे" म्हणणाऱ्या काकांना सूत्रधारानं बाजूला घेऊन सांगावं. रुग्णावर ते ओझं टाकू नये. कुणाचं पिणं हाताबाहेर गेलं असेल तर अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभा बऱ्याच शहरांत भरतात. तिथे सोबत जा.

पाळणा कधी हलणार

नव्या जोडप्याला मंडळीत हा प्रश्न हमखास विचारला जातो. शस्त्रक्रियेनंतर १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळायला सांगतात, कारण वजन उतरत असताना बाळाला पोषण अपुरं पडतं. वजन उतरलं की गर्भधारणेची शक्यता वाढते, आणि बायपासनंतर गर्भनिरोधक गोळ्यांवर भरवसा ठेवता येत नाही. जी जोडपी चर्चच्या शिकवणीप्रमाणे नैसर्गिक पद्धत पाळतात त्यांनी हे लक्षात घ्यावं की या काळात पाळीचं चक्र बदलतं, जुने हिशेब चुकतात. दोघांनी मिळून डॉक्टरांशी बोलावं. गटात यावर कुणाचा न्यायनिवाडा नको, आणि बाहेर पाळण्याचा प्रश्न विचारणाऱ्याला सूत्रधारानं थांबवावं.

गोळ्यांचे पैसे

याकोबाच्या पत्रात एक प्रश्न आहे: भाऊ-बहीण उघडे-उपाशी असताना त्यांना नुसतं "सुखानं जा, ऊब घ्या, पोटभर खा" म्हणून काय उपयोग? आपल्याकडे शस्त्रक्रियेसाठी मंडळी वर्गणी काढते आणि नंतर विसरते. खरा खर्च तिथून सुरू होतो: मल्टिव्हिटॅमिन, बी-१२, लोह, डी-३ आणि कॅल्शियम सायट्रेट, दिवसाला १२०० ते १५०० मिलिग्रॅम, दोन-तीन वेळांत विभागून. लोह आणि कॅल्शियम यांत दोन तासांचं अंतर हवं, चहाही लोहापासून लांब. रक्ततपासणी साधारण तिसऱ्या, सहाव्या, बाराव्या महिन्यात आणि मग दर वर्षी.

पैसे संपले की माणूस आधी तपासणी सोडतो, मग गोळ्या, आणि हे कुणाला सांगत नाही. संत विन्सेंट द पॉल संस्था किंवा मंडळीचा मदतनिधी असेल तर त्यातून केवळ तपासणी आणि गोळ्यांसाठी छोटी रक्कम बाजूला काढायला लावा. पैसे थेट औषधाच्या दुकानात भरावेत. लाभार्थीचं नाव समितीतल्या दोघांनाच माहीत असावं.

घरच्यांना प्रोटीनचा हिशेबही द्या: एक अंडं ६ ग्रॅम, १०० मिली दूध ३, पन्नास ग्रॅम पनीर ९ च्या आसपास, शंभर ग्रॅम शिजवलेलं चिकन किंवा मासा २० ते २५. पातळ वरणाची वाटी पाचच्या आसपासच. मऊ अन्नाच्या टप्प्यात ताजे बोंबील उकडून किंवा सौम्य रस्स्यात बरे जातात.

वजन परत चढलं तर

साधारण दीड-दोन वर्षांनी वजन सर्वांत खाली येतं आणि त्यानंतर थोडं चढतं. हे बहुतेकांच्या बाबतीत होतं. इथे गटाची खरी परीक्षा असते, कारण वजन चढलेला माणूस गटात यायचं बंद करतो. दोन बैठका चुकल्या की सूत्रधारानं फोन करावा आणि एवढंच म्हणावं: "तुमची आठवण झाली. येत्या गुरुवारी या, काही बोलायची गरज नाही." वजनाचं नाव काढू नये.

शस्त्रक्रियेनंतर काही जणांमध्ये नैराश्य आणि आत्महत्येचे विचार वाढतात. "जगावंसं वाटत नाही" असं काही कानावर आलं तर "असं बोलू नये, पाप आहे" म्हणू नका. सरळ विचारा: "जीव द्यायचा विचार मनात येतोय का?" विचारल्यानं विचार पेरला जात नाही. होकार आला तर एकटं सोडू नका, घरच्यांना बोलवा, आणि सरकारच्या टेलिमानस सेवेला १४४१६ वर फोन लावा. तो चोवीस तास चालू असतो.

खिशातलं कार्ड

प्रत्येक सदस्याला एक कार्ड करून द्या. पुढच्या बाजूला शस्त्रक्रियेचं नाव, तारीख, सर्जनचा फोन. मागच्या बाजूला ही यादी, मोठ्या अक्षरांत:

पहिल्या महिन्यात: बसल्याजागी नाडी १२० च्या वर, ताप, वाढती पोटदुखी, डाव्या खांद्यात दुखणं, धाप, पोटरीला सूज. लगेच रुग्णालय.
कधीही: २४ तास पाणीही पोटात टिकत नाही, काळी शी, चक्कर येऊन पडणं. लगेच रुग्णालय.
उलट्या होत राहून तोल जाणं, एकाचे दोन दिसणं, बडबड किंवा गोंधळ: बी-१ ची कमतरता असू शकते. ग्लुकोज चढवण्याआधी बी-१ द्या, असं अपघात विभागात डॉक्टरांना सांगा.
बायपासनंतर काही वर्षांनीही अचानक पोटात जबर कळ आली तर थांबू नका, आतड्याला पीळ बसलेला असू शकतो.
आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक अशी वेदनाशामकं सर्जनला विचारल्याशिवाय नाहीत, तंबाखू आणि मिश्री अजिबात नाही, दोन्हींमुळे बायपासच्या जोडावर अल्सर होतो.

कार्ड मराठीत आणि इंग्रजीत, दोन्हीत छापा, कारण अपघात विभागात ड्यूटीवर कोण असेल सांगता येत नाही. प्लास्टिकच्या पाकिटात घाला आणि आधार कार्डाच्या मागे ठेवा. दुसरी प्रत घरच्या फ्रिजवर लावा, म्हणजे तो माणूस स्वतः बोलू शकला नाही तरी घरचं कुणीतरी वाचेल.